तेलाकडे कान

मार्च संपत आला की तळेगावात आमच्या बिल्डिंगमध्ये पाठांतराचे आवाज सुरू होतात. खालच्या मजल्यावरची मुलगी यंदा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. सकाळी पाण्याची मोटर बंद झाली की तिचा आवाज वर येतो. एकच व्याख्या ती सात-आठ वेळा म्हणते आणि दर वेळी त्याच शब्दाला अडखळते. मी चहाचा कप घेऊन खिडकीशी उभी असते आणि तो शब्द मनातल्या मनात तिच्या आधी म्हणून टाकते. इतकी वर्षं झाली तरी मला तो येतो. आणि तो आला की पाठोपाठ मक्याच्या भज्यांचा वास येतो. त्या वेळी बिल्डिंगमध्ये कुणी भजी तळत नसतं. तो वास व्याख्येतच मुरलेला आहे, त्याला मी तरी काय करू.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे मी कुणी विचारलं नसतानाही सांगते. वडिलांची कुसगावला थोडी भातशेती, आणि आईची लोणावळ्याहून वर पॉइंटांकडे जाणाऱ्या रस्त्याच्या वळणावर भज्यांची टपरी. माझा सगळा अभ्यास त्या टपरीच्या मागे, तेलाच्या रिकाम्या डब्यावर बसून झाला. पुढे गिऱ्हाईक, मध्ये आई, मागे मी, आणि माझ्या पाठीमागे एकदम दरी. एप्रिलात दरीवर धुरकट ऊन पडलेलं असायचं. कडेच्या जाळ्यांमधली करवंदं हिरव्याची लाल आणि लालाची काळी व्हायला लागलेली असायची. किती पाठ झालं आणि किती करवंदं पिकली, हे दोन्ही मी रोज ताडून बघायचे. करवंदं नेहमी पुढे असायची.

मला मोठ्याने म्हटल्याशिवाय पाठ होत नसे. "सर्वच ठराव करार नसतात," मी दरीला सांगायचे. दरीला त्याचं काही नव्हतं. आईला होतं. अर्ध्या वाक्यात तिचा आवाज यायचा, मान न वळवता, "गप. ऐकू दे."

ऐकू दे म्हणजे तेल ऐकू दे. भजं झालं की नाही हे आई रंगावरून ओळखत नसे. रंग फसवतो, ती म्हणायची, ढगाळ दिवसाला एक दिसतो आणि उन्हात दुसरा. ती कानाने तळायची. घाणा टाकला की झारा हातात धरून मान जराशी डावीकडे कलती करायची, डोळे भलतीकडेच, आणि एका क्षणी एकदम झारा खाली जायचा. एकदा मी विचारलं, तर तिने सांगितलं ते असं, "तेल आदी भांडतं. मंग बोलतं. मंग कुजबुजतं. कुजबुज आली की काढायचं. तिच्या फुडं गेलं की भजं मेलं."

हे ज्ञान आहे असं तेव्हा मला वाटलं नाही. मला तिचा राग यायचा. लेक पदवीच्या परीक्षेला बसली आहे आणि आईला कढईची पडली आहे, असा तो राग. त्या उन्हाळ्यात किती वेळा 'गप, ऐकू दे' ऐकलं असेल त्याला हिशोब नाही. तरी फर्स्ट क्लास मिळाला. त्या दिवशी आईने वळणावरच्या सगळ्या टपऱ्यांना फुकट भजी वाटली, आणि पहिलं भजं नेहमीसारखं शेगडीला दिलं. तिचा नेम आहे तो. दिवसाचं पहिलं भजं अग्नीचं. ते जाळावर टाकायचं, मगच माणसांनी खायचं.

मग मी नोकरीला लागले. आंबीच्या बाजूला एक जपानी कंपनी आहे, तिथे खरेदी विभागात. लग्न होऊन तळेगावला आले. सुट्टीच्या दिवशी टपरीवर जायचे, त्याच डब्यावर बसायचे आणि ऑफिसच्या गोष्टी सांगत सुटायचे. आणि काही वर्षांनी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. आई आता मला गप म्हणत नव्हती. मी कितीही बोलले तरी तळता तळता हूं हूं करायची. मला ते फार गोड वाटलं. आपली लेक शिकली, साहेबांशी जपानीत बोलते, तिला कसं गप्प करायचं, असं आईला वाटत असणार, असं मी धरून चालले. ऑफिसात मैत्रिणींनाही सांगितलं. शिक्षणाने माणसाला घरात मान मिळतो, असलं काहीतरी.

आज ते आठवलं की कान गरम होतात.

दोन-तीन वर्षांपासून आईची भजी काळपट निघायला लागली होती. आधी अधूनमधून, मग घाण्याआड घाणा. तिने तेल बदललं. मग बेसनावर संशय घेतला. मग शेगडी बदलली. शेजारच्या टपरीचे किसनभाऊ थट्टेखोर. ते म्हणाले, "वहिनी, कोळसा कसा किलो लावलाय?" आई सगळ्यांबरोबर हसली, पण दुसऱ्या दिवशी किसनभाऊंचा चहा प्यायली नाही. फोनवर मी एक विचारायचे, ती दुसरंच सांगायची. शेवटी मी तिला तळेगावात कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासून सांगितलं, मोठे आवाज येतात, बारीक आवाज गेलेत. मशीन दिलं. आईने ते डबीसकट देवाच्या फोटोमागे ठेवलं. लावते का विचारलं की म्हणायची, ठेवलंय की नीट.

एकदा खोदून विचारलं तेव्हा खरं बोलली. गिऱ्हाइकाने कानात मशीन बघितलं तर म्हणेल बहिरी म्हातारी, हिला काय कळतंय. गेल्या वर्षी होळी झाल्यावर तिने जाहीर करून टाकलं की हा उन्हाळा झाला की टपरी बंद करायची. कारण विचारलं तर म्हणाली, "हात गेला माजा."

हात तसाच होता. पण हात गेला म्हणण्यात वय झाल्याचा मान असतो, कान गेला म्हणण्यात नुसती चेष्टा. तिने हात निवडला. मी खूप समजावलं, वडिलांनी समजावलं. ज्या बाईने तीस वर्षं त्या वळणावर उभं राहून आम्हाला वाढवलं, ती जूनपासून घरात बसून काय करणार होती, हे तिलाही माहीत नव्हतं. पण तिचं ठरलं होतं.

त्याच एप्रिलात मला कंपनीत दहा वर्षं झाली. कंपनीने दोघांचं जेवण दिलं. लोणावळ्याच्या बाहेर डोंगराच्या अंगाला मोठं हॉटेल झालंय, त्यातल्या जपानी रेस्टॉरंटमध्ये, दुपारचं. नवऱ्याने कच्च्या माशाचं नाव ऐकलं आणि उदार झाला. म्हणाला, आईंना घेऊन जा, त्यांना बदल होईल.

आईने माझ्या लग्नातली जांभळी साडी नेसली. कुणाच्या दारी रिकाम्या हाताने जायचं नाही, म्हणून पळसाच्या पानाच्या द्रोणात करवंदं घेतली आणि द्रोण पिशवीत उभा राहावा म्हणून सबंध रस्ता पिशवी मांडीवर धरून बसली. मी सांगितलं की आपण पाहुणे नाही, गिऱ्हाईक आहोत. ती म्हणाली, "खायला जातूय न्हवं? मंग."

मी आजवर बरीच हॉटेलं पाहिली आहेत, पण आत पाऊल टाकलं आणि माझा आवाज आपोआप खाली आला. गाणं नाही, भांड्यांचा खडखडाट नाही. खोलीत एकच लांब लाकडी फळी, जाड, बिनरंगाची, इतकी गुळगुळीत की हात ठेवावा की नाही असं वाटावं. लाकडाला पावसाळ्यात नव्या पाटाला येतो तसा वास. फळीच्या या बाजूला आठ खुर्च्या, त्या बाजूला आचारी. मध्ये भिंत नाही, पडदा नाही. जे करायचं ते तुमच्या डोळ्यांसमोर. आईने एकदा इकडून तिकडे पाहिलं आणि माझ्या कानाशी म्हणाली, "टपरीच की गं ही." मी हसले, पण तिचं खरं होतं. गिऱ्हाईक समोर, आचारी समोर, लपवायला जागा नाही.

आधी सुशी आली. ती करणारा माणूस तिशीचा असेल. ओल्या हातात भाताचा एवढासा गोळा घ्यायचा, दोनदा वळायचा, त्यावर माशाचा काप ठेवायचा, पुन्हा एकदा दाबायचा, की झालं. त्याच्या बोटांना एकही फालतू हालचाल ठाऊक नव्हती. लाल, गुलाबी, मोत्यासारखे पांढरे काप. मी टूना तोंडात टाकला, आणि मला वाटलं होतं तसलं काहीच झालं नाही. वास नाही, चिवटपणा नाही. थंड मासा आणि अंगाइतपत कोमट भात, दोन्ही एकदम विरघळले. मी डोळे मिटले असणार, कारण आईने कोपर मारून विचारलं, काय झालं. तिने कच्च्याला हात लावला नाही. शिजवलेल्या कोळंबीची तेवढी खाल्ली, आणि बराच वेळ भातच चावत राहिली. आपल्या इंद्रायणीचा भाऊबंद दिसतोय, म्हणाली, पण आंबवणी घालून आंबट कशाला केलाय. मग दोन्ही हात मांडीवर ठेवून पाहुणीसारखी बसून राहिली.

मग तिच्या समोर तेल आलं.

म्हणजे तेल तिथेच होतं, तांब्याच्या जाड कढईत, आमच्यापासून दोन हातांवर. मोठा आचारी आता आतून आला. साठी ओलांडलेला जपानी माणूस, काटक, डोक्याला पांढरा रुमाल. त्याने वाकून नमस्कार केला. मी माझ्या जपानीत केला. कंपनीतली माझी जपानी म्हणजे 'माल कधी पाठवता' आणि 'हे चुकलंय' एवढ्यावर वाढलेली, पण चालते. त्याने बर्फाच्या पाण्यात पीठ घातलं आणि लांब काड्यांनी चार-दोनदा ढवळून सोडून दिलं. आई खुर्चीत पुढे सरकली. इतका वेळ पाहुणी होती ती आता वळणावरची भजीवाली झाली. "ह्यो पीठ नीट कालवत न्हाई," ती म्हणाली. "गुठळ्या ऱ्हायल्यात."

त्याने पिठाचा एक थेंब तेलात टाकला. थेंब बुडाला, अर्ध्यातून वर आला. आईने मान हलवली. हे तिला पटलं.

पहिली कोळंबी तळून त्याने आईसमोरच्या पांढऱ्या कागदावर ठेवली, आणि हात पुढे करून खा म्हणाला. आई खाईना. कोळंबी उचलून तिने कढईखालच्या जाळाकडे बघितलं, मग फळीकडे, मग माझ्याकडे. जाळ तर फळीपलीकडे. आचारी थांबला. तळलेलं निवायच्या आत खाल्लं नाही तर या लोकांना फार लागतं, हे मला ठाऊक होतं. त्याचा चेहरा कसनुसा झाला. मी घाईघाईने सांगितलं, हिची रीत आहे, पहिलं तळलेलं अग्नीचं. माझ्या आईचाही हाच धंदा आहे, तीस वर्षं.

त्याने काड्या खाली ठेवल्या. दोन्ही हात पुसले. आईच्या हातातली कोळंबी दोन हातांनी घेतली. त्याच्या मागे भिंतीवर उंच एक लाकडाचं इवलंसं देवघर होतं, ते मला तोवर दिसलंच नव्हतं. कोळंबी तिथे एका बशीत ठेवून त्याने मान लववली, आणि मग वळून तशीच मान आईपुढे लववली. मघाशी केलेला नमस्कार वेगळा होता, तो सगळ्यांना असतो. हा वेगळा. आई पदर सावरत अर्धवट उठून उभी राहिली. दहा वर्षं मी या लोकांत वावरते, असा नमस्कार मला कुणी केलेला नाही.

दुसरी कोळंबी तेलात गेली. खोली इतकी शांत होती की मला सगळं ऐकू येत होतं. आधी ठसठशीत, दाणदाण आवाज. तेल भांडत होतं. मग तो आवाज सैल झाला, बोलल्यासारखा. आचाऱ्याने मान कढईकडे कलती केली, डोळे भलतीकडे. ही मान मी लहानपणापासून पाठीमागून बघत आले होते. मग आवाज बारीक होत होत, रेशमी कापड बोटांत चोळावं तसा झाला. कुजबुज. काड्या खाली गेल्या आणि कोळंबी वर आली.

"एवढ्यात काढली?" आई म्हणाली. "कच्ची आसंल."

तिने खाल्ली. कच्ची नव्हती. बाहेरून पापुद्र्यासारखी, आत पाणीदार, अगदी जिथे थांबायला हवं तिथे थांबलेली. आई चावायची थांबली. तिने कढईकडे बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. कुजबुज होऊन गेली होती, मी ऐकली होती, आणि तिने ऐकली नव्हती. हे आम्हा दोघींना एकाच वेळी कळलं.

आणि मला आणखी एक कळलं. मला गप बस म्हणायचं तिने का सोडलं ते. माझ्या पदवीचा त्यात काही संबंध नव्हता. जे ऐकायचं तेच ऐकू येईना, तर मग लेक बोलली काय आणि न बोलली काय. ती हूं हूं करायची, ते माझं बोलणंही धड ऐकू येत नव्हतं म्हणून. डब्यावर बसून मी दोन-तीन वर्षं दरीलाच सांगत होते.

कमळकाकडी आली, भोपळा आला, हिरवी मिरची आली. कसलं तरी पान आलं, ते त्याने एकाच बाजूने पिठात बुडवलं होतं, म्हणून अर्धं हिरवं आणि अर्धं पांढरं. असली नाजूक गोष्ट मी जन्मात खाल्ली नव्हती. आणि शेवटी त्याने मक्याचे दाणे घेतले, पिठात घोळून अलगद तेलात सोडले, आणि आईला विचारलं. मी सांगितलं, तो विचारतोय, झालं हे तुम्हाला कशावरून कळतं?

आईने कढईकडे बघितलं. दाणे तेलात बोलत होते. मग म्हणाली, "त्याला सांग, भाऊ, कानावरनं कळायचं. आता न्हाई कळत."

जे तिने मला सांगितलं नव्हतं, वडिलांना नाही, डॉक्टरांनाही धड नाही, ते तिने एका परक्या माणसाला सांगितलं, कारण तो एकटाच ते समजणारा होता. मी ते जपानीत सांगितलं. आचाऱ्याने दाणे काढले, निथळले, आईपुढे ठेवले. मग डोक्यावरचा रुमाल एका बाजूने वर केला आणि मान वळवून तिला आपला उजवा कान दाखवला. कानात मशीन होतं. आईच्या डबीतल्यासारखंच, कातडीच्या रंगाचं.

त्याने सांगितलं ते असं. सहा वर्षांपूर्वी त्याला तेलाचं सगळं ऐकू यायचं, फक्त शेवट ऐकू यायचा नाही. गिऱ्हाईक काही बोलायचं नाही, पण अर्धं पानात सोडून जायचं. त्याने काम सोडायचं ठरवलं होतं.

आई मशीनकडे टक लावून बघत होती. मग तिने धंद्यातला माणूस धंद्यातल्या माणसाला विचारतो तसं विचारलं, "त्याला इचार, ते लावून तेल पैल्यासारकं ऐकू येतं का."

"नाही," तो म्हणाला. "वेगळं येतं. पत्र्यावर पडल्यासारखं. पुन्हा शिकावं लागतं. मला एक हंगाम लागला."

मी सांगितलं. आईने मक्याचं भजं मोडलं, अर्धं मला दिलं, अर्धं खाल्लं. "मीठ कमी हाय," ती म्हणाली. "बाकी झ्याक."

निघताना तिने पिशवीतून द्रोण काढून फळीवर ठेवला. त्याने एक करवंद तोंडात टाकलं, चिकाने ओठाला ओठ चिकटले तसा हसला, आणि उरलेल्यांचा द्रोण उचलून वर त्या देवघरात कोळंबीशेजारी ठेवला. त्या खोलीत तेवढी एकच गोष्ट आमच्या डोंगरातली होती.

कुसगावला परत येताना रिक्षात आई एकदाच बोलली. औंदाचा हंगाम अजून हाय की, एवढंच. घरी पोहोचल्यावर तिने साडीसुद्धा बदलली नाही. सरळ देवाच्या फोटोमागे हात घातला.

तो हंगाम वाईट गेला. मशीन लावून पहिल्या दिवशी ती गाड्यांच्या हॉर्नने रडकुंडीला आली. घाणेच्या घाणे कच्चे निघाले, कारण तिला सगळंच कुजबुजल्यासारखं वाटायचं. किसनभाऊंनी मशीन बघितलं आणि विचारलं, वहिनी, मोबाईल कानात बसवला का? आईने सांगितलं, "व्हय. आता तुमी मागनं काय बोलता ते बी येतंय." त्यानंतर ते गप आहेत. टपरी जूनमध्ये बंद झाली नाही. नंतर बंद करू, दिवाळीनंतर करू, असं होत होत कुणी तो विषयच काढेनासं झालं.

परवाच्या रविवारी मी गेले होते. जाळ्यांमधली करवंदं लाल झाली आहेत, काळी व्हायला आठ-दहा दिवस आहेत. दरीवर तेच धुरकट ऊन. मी माझ्या डब्यावर बसले आणि सुरू झाले. ऑफिसात नवीन साहेब आलेत, ते कसे आहेत, मला बढती मिळायची आहे, त्यासाठी जपानीची परीक्षा द्यायची आहे, या वयात पुन्हा पाठांतर. तिने घाणा टाकला. मी बोलतच होते. तेल भांडलं, मग बोलायला लागलं, आणि आईची मान जराशी डावीकडे कलली.

"गप," ती मान न वळवता म्हणाली. "ऐकू दे."

आणि मी, घरातली पहिली पदवीधर, मुकाट गप्प बसले.